घाटात पुकारलेली देणगी

आमच्या घरात माझं इंग्रजी म्हणजे सामाईक विहीर आहे. ज्याची पाळी येईल तो मोटर चालू करतो. फवारणीच्या बाटलीवरचा बारीक मजकूर, विम्याचे कागद, बँकेचे मेसेज, सगळं माझ्याकडे येतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेली मी आमच्या घरातली पहिली. आता जुन्नरला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचे करारनामे तपासते. जुना मसुदा एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला, आणि काय बदललं ते शोधायचं. या कामात कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडतं.

त्यामुळे अमेरिकेतल्या चुलत भावाने एका विधेयकाचा मसुदा पाठवून ‘हे वाच आणि तात्यांना समजावून सांग’ असं लिहिलं, तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, त्याचे वडील. ते डिंगोऱ्यात राहतात, टोमॅटो आणि कांदा करतात आणि शर्यतीचे बैल पाळतात. दादा, म्हणजे हा चुलत भाऊ, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा आहे. मी दुसरीत होते तेव्हा तो कामाच्या व्हिसावर गेला. बरोबर वहिनी आणि दोन वर्षांची मुलगी. ती मुलगी मला आत्या म्हणते आणि माझ्याशी इंग्रजीत बोलते. आमच्यात जेमतेम पाच वर्षांचं अंतर आहे.

प्रश्न तिचाच होता. दादा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. तिथे दरवर्षी प्रत्येक देशाच्या वाट्याला ठरावीकच कार्डं येतात आणि आपल्या देशाची रांग इतकी लांब आहे, की दादाचे केस त्या रांगेतच पांढरे झाले. मुलगी वडिलांच्या व्हिसावर राहू शकते, पण एकविसाव्या वर्षापर्यंतच. त्या वाढदिवशी ती वडिलांच्या फाईलमधून बाहेर पडते. मग स्वतःचा वेगळा व्हिसा मिळवायचा, नाही मिळाला तर देश सोडायचा. जिथे ती बोलायला शिकली, तो देश. वाढदिवसाला वर्षभरही उरलं नव्हतं.

विधेयकात मुख्य गोष्टी दोन होत्या. एक, कंपन्यांना बाहेरून जास्त माणसं आणता यावीत. दोन, आईवडिलांबरोबर लहानपणी आलेल्या मुलांचं वय, अर्ज भरला त्या दिवशी जे होतं तेच कायम धरावं. दुसरी गोष्ट मंजूर झाली असती तर आमच्या मुलीचा प्रश्न सुटत होता.

मी डिंगोऱ्याला गेले तेव्हा तात्या बैलाला खरारा करत होते. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

“म्हंजे पोरीचं वय थांबवायचं,” ते म्हणाले.

“कागदावर.”

“मंग थांबवा की. आपल्याकडं कागदावर मेलेली मान्सं बी जित्ती ऱ्हात्यात.”

कायदा या गोष्टीचं तात्यांना कधी दडपण वाटलं नाही. त्याला कारण आहे. मध्ये काही वर्षं कोर्टाने बैलगाडा शर्यत बंद केली होती. तेव्हा आमच्याकडचे गाडे ताडपत्रीखाली पडून होते. गाडामालकांनी मोर्चे काढले, रस्ता अडवला, दिसेल त्या आमदाराला गाठलं. शेवटी विधानसभेत कायदा झाला, पुढे कोर्टातही टिकला आणि घाट, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्ट्या, पुन्हा सुरू झाले. या सगळ्यात तात्या होते. एका मोर्चात त्यांची चप्पल हरवली होती, ती अजून निघते बोलण्यात.

“कायदा काय देवानं लिव्हलाय? आमी बदलून घेतला का न्हाई?” ते म्हणाले. “त्याला म्हनावं, तिथल्या आमदाराला गाठ. घरी जाऊन बस. उठूच नको.”

दादा तसंच काहीसं करत होता. रांगेत अडकलेल्या लोकांनी तिथे एक संघटना काढली आहे. सुट्टीच्या दिवशी ते खासदारांच्या कार्यालयात जातात, मुलांचे फोटो दाखवतात, कुणीतरी सहायक वहीत लिहून घेतो. मग एकदा त्यांच्या भागातल्या खासदारासाठी एका मोठ्या देणगीदाराच्या घरी जेवण होतं. अशा जेवणाला पानामागे पैसे असतात आणि ते निवडणुकीच्या निधीत जातात. तिथे देणगी देण्याचा अधिकार नागरिकाला आहे, ग्रीन कार्डवाल्याला आहे. व्हिसावरच्या माणसाला नाही. दुसऱ्याच्या नावाने दिली तर तोही गुन्हाच. फुकट काम मात्र करता येतं. म्हणून दादा आणि त्याचे दोघे मित्र त्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या लावत होते आणि नंतर खुर्च्या उचलत होते. निघताना खासदाराने त्यांच्याबरोबर एक फोटो काढून घेतला.

हे सगळं दादाने मला फोनवर सांगितलं. घरच्या ग्रुपवर त्याने नुसता फोटो टाकला, खाली काही लिहिलं नाही.

आपल्याकडे नेत्याच्या शेजारी कोण उभं राहतं, हे लहान पोरालाही कळतं. पेठ गावच्या चौकापासून जुन्नरच्या स्टँडपर्यंत जितके फ्लेक्स आहेत, त्यांच्यावर नेत्याच्या सगळ्यात जवळचा चेहरा हा फ्लेक्सचा खर्च करणाऱ्याचाच असतो. तात्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मुलगा खासदाराच्या अगदी खांद्याला लागून उभा होता. त्यावरून त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि कुणाला विचारलं नाही.

यात्रेत शर्यत होती. मी काकूंबरोबर, म्हणजे दादाच्या आईबरोबर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले होते. ऊन होतं, गुलाल होता, आणि घाटाच्या वर मंडपात बसलेला निवेदक दम न घेता बोलत होता. कुणाचा गाडा जुंपला, किती सेकंदांत वर आला, आणि मधल्या वेळात बक्षिसं आणि देणग्या देणाऱ्यांची नावं. ही आमच्याकडची जुनी रीत. नुसती देणगी देऊन भागत नाही, ती पुकारली गेली पाहिजे. न पुकारलेली देणगी दिल्यासारखी वाटतच नाही, देणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही.

एक गाडा सुटला, लोक उभे राहिले, आणि त्याच गोंगाटात निवेदक म्हणाला, डिंगोरे गावचे सुपुत्र, सध्या मुक्काम अमेरिका, अमेरिकेच्या खासदारसाहेबांना निवडणुकीसाठी भरघोस देणगी देणारे. पुढे दादाचं नाव, आडनावासकट, दोनदा. आणि त्यांच्या वतीने त्यांच्या वडिलांकडून पहिल्या गाड्यासाठी ढाल.

काकूंनी पदर सावरला आणि आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या ट्रॉलीतल्या एक बाई म्हणाल्या, “आता अमेरिका बी तुमचीच म्हना की.” काकू हसल्या. मंडपाच्या बाजूला तात्या फेटा बांधून उभे होते आणि आपलं काहीच नाही अशा चेहऱ्याने घाटाकडे पाहत होते.

आमच्या भागातल्या शर्यती आता यूट्यूबवर थेट दिसतात. बाहेर गेलेले लोक त्या बघतात. दादा तर पहाटे गजर लावून उठतो. आम्ही ट्रॉलीतून उतरलोही नव्हतो, तेवढ्यात माझा फोन वाजला.

“ऐकलंस?” तो म्हणाला.

“हो.”

“मी एक पैसा दिलेला नाही. देऊच शकत नाही. आणि तिथे माझं नाव घेऊन सांगतायत, दिली म्हणून. तो व्हिडिओ कायम राहतो गं. उद्या ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत कुणी समोर ठेवला तर मी काय सांगू? आमच्याकडे असंच बोलतात म्हणून?”

मी म्हटलं, मी बघते. मग तो म्हणाला, “आधी एक मिनिट बरं वाटलं. घाटात माझं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं.”

व्हिडिओवाल्याचं पेठेत मोबाईलचं दुकान होतं. फोनवर तो म्हणाला, समोर येऊन सांगा. मला अनोळखी माणसाशी वाद घालता येत नाही, म्हणून काकू बरोबर आल्या. तात्यांना आम्ही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नरहून एसटीने निघालो आणि गाड्या बदलत पेठेला उतरलो. दुकानात तो एकटाच होता. चाळिशीचा, गळ्यात हेडफोन. काकूंनी सगळं सांगितलं. फक्त व्हिसाची गोष्ट त्यांच्या तोंडी पासपोर्टची झाली.

“मावशी, लोक नाव टाकायला येत्यात,” तो म्हणाला. “काढायला तुमीच पयल्या.”

“नाव ऱ्हाऊ द्या भाऊ. फकस्त देणगी काढा.”

“का, दिली न्हाई का?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “नाही दिली,” मी म्हटलं.

“असं काढाया लागलो, तर निम्मी यात्रा काढावी लागंल ताई.”

काकू हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. नात एकवीस वर्षांची होणार आहे, या एका वाक्यामुळे तिच्या बापाच्या कागदांत काही खोट निघाली तर तिचंही काही खरं नाही, असं त्या सावकाश सांगत राहिल्या. तो ऐकत होता. मग त्याने कॉम्प्युटरवर तो भाग काढला आणि कपाळाला हात लावला. अडचण वेगळीच होती. नेमक्या त्याच सेकंदांत पहिला नंबर मिळवणारा गाडा घाट चढत होता.

“हे कापलं तर गाडामालक बैल सोडून मला जुंपतील,” तो म्हणाला.

बराच वेळ तो मागेपुढे करत बसला. शेवटी त्याने चित्र तसंच ठेवलं, आवाज बंद केला आणि तेवढ्या भागावर हलगी टाकली. गाडा धुरळा उडवत वर गेला, निवेदकाचे ओठ हलत राहिले आणि ऐकू फक्त हलगी आली. काकूंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. पैसे विचारले तर तो म्हणाला, चहा घ्या आणि जावा.

तात्यांना ते चार दिवसांनी कळलं. मोबाईलवर तोच गाडा पुन्हा बघत होते. काकूंनी सांगून टाकलं. ते कुणावर ओरडले नाहीत, पण त्या आठवड्यात माझ्या वडिलांना त्यांचा फोन आला नाही, जो एरवी रोज येतो. मग बाजारच्या दिवशी ते जुन्नरला आमच्याकडे आले आणि चहा होईपर्यंत टोमॅटोच्या भावाबद्दल बोलले. कप खाली ठेवल्यावर माझ्याकडे वळले.

“देणगी देनं गुन्हा हाय तिथं?”

“नाही. नागरिकाला चालते. दादाला चालत नाही.”

“खुर्च्या उचाललेल्या चालत्यात.”

“हो.”

ते माझ्या वडिलांकडे बघून म्हणाले, “बग. इथं गडी लावून कामं केली त्यानं, आन तिथं जाऊन खुर्च्या उचालल्या.” मग पुन्हा मला विचारलं, जेवण कुणाच्या घरी होतं. मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. तो देणगीदार आपल्याच देशातून गेलेला, आता तिथला नागरिक. त्याची कंपनी दुसऱ्या कंपन्यांना कामाला माणसं पुरवते. हे ऐकून तात्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. आपला माणूस आहे म्हणजे आपल्या पोरांसाठी बोलेल, असं ते म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

दीडदोन महिन्यांनी विधेयकाचा नवा मसुदा आला. दादाने तो पाठवला नाही, मीच शोधून काढला. कंपनीचं काम बाजूला ठेवून दोन्ही मसुदे शेजारी उघडले. बाहेरून माणसं आणण्याचा भाग जागेवर होता, उलट दोन पानांनी वाढला होता. मुलांच्या वयाचा भाग नव्हता. खोडलेला वगैरे नव्हता, नव्हताच. पुढच्या कलमांचे आकडे सरकवून जागा बुजवली होती. पहिला मसुदा ज्याने वाचला नाही, त्याला इथे काही होतं असा संशयही आला नसता.

मी दादाला फोन केला. त्याला ते आधीच कळलं होतं.

“दोन्हीसाठी मतं जमत नव्हती म्हणतात,” तो म्हणाला. “एक सोडावं लागलं.”

“कोणतं सोडायचं ते कुणी ठरवलं?”

“ते आतल्या खोलीत ठरतं. जेवणानंतर ते आत गेले, आम्ही खुर्च्या रचत होतो.” मग म्हणाला, “त्या माणसाने मुद्दाम काढायला लावलं असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. पण त्याच्या कंपनीला नवी माणसं हवीत. आणि अर्ज कंपनीमार्फतच असतो, म्हणून रांगेत उभा असलेला माणूस नोकरी सोडून जात नाही, एवढं त्याला कळतं. मुलांचं काय, त्याची मुलं इथेच जन्मली, म्हणजे नागरिकच.”

तो चिडलेला नव्हता. बस चुकल्यावर माणूस पुढच्या बसची वेळ विचारतो, तसं बोलत होता.

तात्यांना सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. या वेळी मी सोपं करून सांगायला गेले नाही. दोन्ही मसुदे छापून नेले होते. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, तरी त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले आणि कुठं होतं ते विचारलं. मी बोट ठेवलं. मग नव्यात ती जागा विचारली. तिथे दुसरंच काहीतरी छापलेलं होतं. ते दोन्ही कागदांवर आपलं बोट फिरवत राहिले.

“आमच्या येळेला,” ते म्हणाले, “आमदार का ऐकत व्हते म्हायतीये का तुला? मी म्हनायचो, बैलांसाठी ऐकत्यात. येडा व्हतो. प्रत्येक गाड्यामागं किती घरं, अन् प्रत्येक घरात किती मतं, ते त्यांना तोंडपाठ व्हतं. मोठे गाडामालक तर इलेक्शनला गाड्या द्यायचे त्यांना, डिझेल घालून.”

“हो,” मी म्हटलं.

“ह्याच्या हातात मत न्हाई. देणगी बी न्हाई. मंग त्याला कोन कशाला इचारंल?”

खरं म्हणजे करारनाम्यांचं काम करताना मी हेच रोज बघते, की ज्याची सही लागत नाही त्याच्या सोयीची ओळ सगळ्यात आधी गळते. पण तात्यांच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला ते नव्याने कळलं.

ते विधेयकही पुढे मताला आलं नाही. अडकलं, आणि मुदत संपली. म्हणजे ज्याने जेवण घातलं त्यालाही अजून काही मिळालेलं नाही. पण त्याच्याजवळ वेळ आहे. वाढदिवस आमच्या मुलीचा होता.

वाढदिवसाच्या दोन महिने आधी तिचा मला फोन आला. कॅनडातल्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. तिथे शिकायचं, मग तिथेच काम, आणि जमलं तर कायमचं राहायचं, असं तिने ठरवलं होतं. दादाला आणि वहिनीला ते पटलेलं नव्हतं. शिक्षणाचा व्हिसा घेऊन इथेच राहा, पुढचं विधेयक येईल, असं ते म्हणत होते. ती म्हणाली, “आत्या, बाबा माझ्या जन्मापासून ‘पुढचं’ म्हणतायत.” आजोबांना हे कुणी सांगायचं यावरून त्यांच्या घरात आठवडाभर वाद चालला होता. तिने मला विचारलं, “मी सांगू?”

मी म्हटलं, सांग.

त्या रविवारी मी डिंगोऱ्यात होते. तिने व्हिडिओ कॉल केला. मी फोन ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवला आणि मागे सरकले. ती मराठीत बोलली. घरात बोलते तसं मराठी, क्रियापदं शोधत, पण एकही वाक्य तिने अर्धं सोडलं नाही. आजोबा, मी अमेरिका सोडतेय. मला कुणी घालवत नाहीये, घालवायच्या आधी मीच जातेय. बाबांना वाईट वाटेल, तुम्ही त्यांच्याशी बोला.

काकू डोळ्याला पदर लावायला लागल्या, तर तात्यांनी हातानेच त्यांना थांबवलं. थंडी किती असते, ते त्यांनी विचारलं. तिथे ओळखीचं कोण आहे. जेवणाचं काय. तिने सगळ्याला उत्तरं दिली. मैत्रीण आहे, खोली दोघींत घेणार, पोळ्या येत नाहीत पण भात येतो.

मग तात्या फोनच्या अगदी जवळ गेले. पडद्यावर तिला बहुधा त्यांचा फेटाच दिसत असणार.

“तिथं मत कवा देता येतं?” त्यांनी विचारलं.

तिला समजलं नाही. ‘मत’ म्हणजे तिला वाटलं, ते तिचं म्हणणं विचारतायत, आणि ती म्हणाली, माझं मत मी सांगितलं ना आजोबा. मी मागून इंग्रजीत समजावलं.

“किती वर्षांनी ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी ते बघितलंच नाही.”

“पयलं ते बघ,” तात्या म्हणाले. “कॉलेज मंग.”

कॉल संपल्यावर त्यांनी दादाला फोन लावला. तिकडे रात्र होती, तरी त्याने लगेच उचलला. तात्या फोन घेऊन अंगणात गेले आणि गोठ्याकडे पाठ करून बराच वेळ बोलत उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आत येऊन मला फक्त एवढंच म्हणाले, की पोरीच्या कॉलेजचे कागद येतील, ते नीट वाच, आणि काय गाळलंय ते आधी बघ.